बोलणाऱ्याची बोरे आणि शब्दाची पत

‘बोलणाऱ्याची बोरे विकतात’ असे मराठीत म्हटले जाते. या म्हणीत व्यापाराचे शहाणपण आहे, तसाच एक सलही आहे. ज्याला बोलता येत नाही त्याचा उत्तम माल पाटीतच पडून राहतो, हा तो सल. परभणी जिल्ह्याच्या वाट्याला तो पुरेपूर आला आहे. गोदावरी आणि पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यातील काळी कसदार जमीन, कापूस, सोयाबीन, तूर आणि रब्बी ज्वारी यांसारखी पिके, १९७२ पासून कार्यरत असलेले कृषी विद्यापीठ हे सारे असूनही येथील शेतमाल बहुधा पोत्यात भरून आडतीवर जातो. पुढे कोठेतरी त्याच्यावर दुसऱ्याचे नाव चढते आणि त्या नावाचा मोबदलाही दुसऱ्याच्याच पदरात पडतो. माल परभणीचा आणि बोलणे परक्याचे, अशी ही रीत पडून गेली आहे.

ही रीत मोडण्याचे एक साधन गेल्या दशकात खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचले. भ्रमणध्वनी, स्वस्त इंटरनेट आणि यूपीआयने पैसे देण्याची सोय यांमुळे जिंतूरचा बचत गट, मानवतची डाळ गिरणी किंवा गंगाखेडचा घरगुती पापड उद्योग आता पुण्या-मुंबईच्याच काय, बंगळूरच्या कुटुंबालाही थेट माल विकू शकतो. त्यासाठी मोठे दुकान लागत नाही आणि मोठे संकेतस्थळही लागत नाही. एक पान पुरते. जाहिरातीवर बोट ठेवताच जे एकच पान उघडते, ज्यावर एकाच वस्तूची माहिती असते आणि शेवटी ‘मागणी नोंदवा’ असे एकच बटण असते, त्या पानाला या व्यवसायात ‘लँडिंग पेज’ म्हणतात. मराठीत त्याला ‘विक्रीपान’ म्हणता येईल. या पानावरचा मजकूर लिहिणे हे आज स्वतंत्र कौशल्य मानले जाते. ते शिकवणारे वर्ग निघाले आहेत आणि लहान शहरांतील तरुण-तरुणी ते शिकून अर्थार्जनही करू लागली आहेत.

ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. जो समाज आजवर बोलत नव्हता तो बोलू लागला, तर त्याचा आनंदच मानला पाहिजे. प्रश्न आहे तो बोलणे कोणत्या वळणाचे असावे याचा. विक्रीपानावरचा शब्द हा विक्रेत्याने अनोळखी माणसाला दिलेला शब्द आहे. तो पाळला गेला तर पत वाढते. मोडला तर केवळ त्या विक्रेत्याची नव्हे, त्याच्या गावाची आणि जिल्ह्याचीही पत जाते. परभणीला नव्या बाजारात पाय रोवायचे असतील तर या गोष्टीचा विचार आजच व्हायला हवा.

बाजारातला चेहरा आणि पडद्यावरचा शब्द

आठवडी बाजारात गिऱ्हाईक वस्तू घेते तेव्हा ते केवळ बोलणे ऐकत नसते. ज्वारीचा दाणा तळहातावर घेऊन पाहता येतो, दाताखाली चावून पाहता येतो, मिरचीचा वास घेता येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विकणाऱ्याचा चेहरा समोर असतो. तो कोणत्या गावचा, कोणाचा कोण, गेल्या वर्षी त्याने दिलेले बी कसे निघाले, हे बाजाराला ठाऊक असते. फसवले तर पुढच्या आठवड्यात त्याच ओट्यावर त्याला पुन्हा बसायचे असते. या साऱ्या गोष्टी मिळून जी वस्तू तयार होते तिला आपल्याकडे पत म्हणतात. बोलणे हा तिचा एक अंश असतो, एवढेच.

विक्रीपानावर यांतले काहीच नसते. दाणा हातात येत नाही, वास येत नाही, चेहरा दिसला तरी तो ओळखीचा नसतो. चार इंचांच्या पडद्यावर उरतात ती दोन-तीन छायाचित्रे आणि शब्द. बाजारात जे काम पाच इंद्रिये, ओळखपाळख आणि जुना अनुभव मिळून करत होती, ते सारे काम त्या शब्दांना करावे लागते. म्हणूनच जाणकार विक्रीलेखक पानाची मांडणी एका ठरावीक क्रमाने करतो. आधी मथळा, ज्यात वस्तू काय आणि कोणाच्या उपयोगाची हे एका दृष्टिक्षेपात कळते. मग तिचे गुण, मग त्या गुणांचा पुरावा, मग घेणाऱ्याच्या मनात येणाऱ्या शंकांची उत्तरे, मग किंमत आणि हमी, आणि शेवटी मागणीचे बटण. जाहिरातीत जे सांगितले तेच पानाच्या पहिल्या दर्शनात दिसले पाहिजे. एका पानावर एकच वस्तू आणि एकच काम असले पाहिजे. भरावयाचे रकाने कमीत कमी असले पाहिजेत. ही या विद्येची व्याकरणे आहेत आणि ती आत्मसात करण्यात गैर काहीच नाही.

अमेरिकेत १९०४ साली जॉन केनेडी या लेखकाने जाहिरातीची व्याख्या ‘छापील विक्रेतेपणा’ अशी केली होती. पुढे ज्यांचे नाव जगभर झाले ते डेव्हिड ओगिल्वी जाहिरातलेखक होण्यापूर्वी स्कॉटलंडमध्ये दारोदार जाऊन स्वयंपाकाच्या शेगड्या विकत असत. दार उघडणाऱ्या गृहिणीची नेमकी शंका काय असते, हे ते तेथे शिकले. म्हणजे या विद्येचे मूळही समोरच्या माणसाचे ऐकण्यात आहे. हे मूळ विसरले गेले की उरते ती नुसती आरडाओरड.

महाराष्ट्राची जुनी शाळा

परदेशातील नावे घेण्याची खरे तर फारशी गरज नाही. अनोळखी वस्तू अनोळखी माणसाला शब्दांनी कशी पटवावी, याचा एक धडा महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच गिरवला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते, असा समज त्या काळी शेतकऱ्यांत रूढ होता. पहिला नांगर विकायलाच दोन वर्षे लागली, असे त्या उद्योगाचा इतिहास सांगतो. त्या शेतकऱ्यांना अडाणी म्हणून हिणवून नांगर विकला गेला नसता आणि ‘आज घ्याल तर अर्ध्या किमतीत’ असे ओरडूनही विकला गेला नसता. शेतकऱ्याच्या मनातील भीती ओळखून तिचे निरसन करावे लागले. ते काम नांगराने शेतात उतरून केले आणि त्याच्या जोडीला शब्दांनी केले.

१९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली तेथूनच शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवणे हा तिचा आरंभीचा हेतू होता. आजच्या भाषेत ते विक्रीसाहित्यच होते. परंतु वाचकाच्या बुद्धीचा मान राखून लिहिले गेल्यामुळे त्या पत्रिकेचे पुढे ‘किर्लोस्कर’ हे मराठीतील मान्यवर मासिक झाले. विक्रीसाठी लिहिलेला मजकूर समाजाच्या प्रबोधनाचे साधन होऊ शकतो, याचा याहून ठळक दाखला मराठीत शोधूनही सापडणार नाही. ज्यांना विक्रीलेखन म्हणजे हलके काम वाटते त्यांनीही हा दाखला ध्यानात ठेवावा, आणि ज्यांना ते केवळ चलाखीचे काम वाटते त्यांनीही.

बियाण्याच्या पिशवीच्या दोन बाजू

परभणीच्या शेतकऱ्याला विक्रीलेखन काय असते हे कोणी शिकवायला नको. दरवर्षी मृगाच्या तोंडावर तो ते वाचतच असतो. बियाण्याच्या पिशवीच्या दर्शनी बाजूला टपोरी बोंडे किंवा शेंगांनी लगडलेले झाड छापलेले असते. पिशवीला शिवलेल्या किंवा चिकटवलेल्या टॅगवर मात्र वेगळाच मजकूर असतो. वाण कोणता, लॉट क्रमांक काय, उगवणशक्ती किती टक्के, शुद्धता किती, चाचणी कधी झाली आणि बियाणे कोणत्या तारखेपर्यंत वापरावे. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो, पायाभूत बियाण्याचा पांढरा. १९६६ च्या बियाणे कायद्याने या मजकुराला आधार दिला. चित्राची बाजू स्वप्न दाखवते आणि टॅगची बाजू बांधून घेते. अनुभवी शेतकरी पिशवी उलटून टॅग वाचतो, पावती आणि रिकामी पिशवी सांभाळून ठेवतो. कारण वेळ आली तर चित्र साक्ष देत नाही, टॅग देतो.

२०२० च्या खरिपात ही वेळ आली. सोयाबीन उगवलेच नाही, अशा तक्रारी मराठवाडाभरातून आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या तत्कालीन औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. सोयाबीनची उगवणशक्ती किमान ७० टक्के असावी, असा दंडक आहे. ज्याच्या शेतात त्याच्या निम्मीही रोपे दिसली नाहीत, त्या शेतकऱ्याचे बियाण्याचे पैसे गेले, पेरणीची मजुरी गेली आणि वाफसा गेला. दुबार पेरणी म्हणजे काय, हे ज्या घराने भोगले आहे त्या घराला खोट्या शब्दाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

विक्रीपान लिहू इच्छिणाऱ्या परभणीच्या मुला-मुलींनी आपल्या वडिलांचा हा अनुभवच पाठ्यपुस्तक म्हणून समोर ठेवावा. पान लिहून झाले की स्वतःला विचारावे, यात चित्राची बाजू किती आणि टॅगची बाजू किती? ज्या पानाला टॅगच नाही, ते पान कितीही देखणे असले तरी विश्वासाला पात्र नाही.

उसनी चलाखी

दुर्दैवाने या विद्येच्या नावाखाली जे बरेच काही शिकवले जाते, ते नेमके टॅग कापून टाकण्याचे शिक्षण असते. पानाच्या माथ्यावर एक घड्याळ उलटे धावत असते. ‘सवलत संपायला अवघी १४ मिनिटे उरली’ असे ते सांगते. पान बंद करून पुन्हा उघडले की १४ मिनिटे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. ‘फक्त ७ पाकिटे शिल्लक’ हा आकडा गोदामातून आलेला नसतो, लेखकाच्या डोक्यातून आलेला असतो. समाधानी गिऱ्हाईक म्हणून झळकणारा चेहरा कोठल्या तरी परदेशी छायाचित्रसंग्रहातला असतो. छापील किंमत आधी दुप्पट लिहायची आणि मग ती खोडून निम्म्यात दिल्याचा आव आणायचा. नकार देण्याच्या बटणावर ‘मला माझ्या कुटुंबाच्या आरोग्याची काळजी नाही’ असे लिहून न घेणाऱ्याला लाजवायचे. हे सारे मानवी मनाच्या दुर्बलतेवर बेतलेले डाव आहेत. ऐन वेळी संधी हुकण्याची भीती, चारचौघांत मागे पडण्याची भीती, नकार देण्याचा संकोच यांवर ते चालतात.

हे डाव केवळ अनीतीचे आहेत असे नाही, ते बेकायदाही आहेत. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल हे प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. अशा जाहिरातींसंबंधी जून २०२२ मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे आली. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे पडद्यावरील फसव्या मांडणीचे १३ प्रकार अधिसूचनेद्वारे निषिद्ध ठरवण्यात आले. खोटी निकड, न विचारता टोपलीत वस्तू सरकवणे, नकार देणाऱ्याला लाजवणे, शेवटच्या पायरीवर छुपे आकार लावणे, जाहिरात आहे हे न कळू देणे, ही त्यांतलीच नावे आहेत. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये वेगळे मानक तयार केले. खाद्यपदार्थांच्या दाव्यांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे नियम आहेत. ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’, ‘अस्सल’ हे शब्द कोणत्या अटींवर वापरावेत, हेही त्यांत सांगितले आहे. पापड-लोणच्याच्या पाकिटावर हे शब्द सर्रास छापणाऱ्या घरगुती उद्योगांना याची बहुधा कल्पनाही नसते.

या विचाराचे मूळ शोधायला भारतीय माणसाला लांब जावे लागत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील ‘कंटकशोधन’ या अधिकरणात व्यापाऱ्यांच्या लबाडीपासून प्रजेचे रक्षण करण्यावर स्वतंत्र अध्याय आहे. हलकी वस्तू अस्सल जातीची म्हणून विकणाऱ्याला मूल्याच्या आठपट दंड त्यात सांगितला आहे. एका ठिकाणचा माल दुसऱ्या ठिकाणचा म्हणून खपवणे हाही तेथे अपराधच आहे. जुन्या परभणी जिल्ह्याचा भाग असलेल्या आणि १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात गेलेल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामागचे तत्त्वही हेच आहे. गावाचे नाव ही गावाची सामाईक मिळकत असते. ती कोणी एकट्याने उधळू नये.

आधुनिक काळात ग्राहकाच्या हिताचा विचार चळवळीच्या रूपाने उभा राहिला तोही महाराष्ट्रातच. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला तो त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये. व्यापारी हा शत्रू नाही. ग्राहक, उत्पादक, व्यापारी आणि शासन यांच्यात सामंजस्य असावे आणि ग्राहक हा अर्थव्यवहाराचा केंद्रबिंदू मानला जावा, ही त्या कामामागची भूमिका. विक्रीपान लिहिणाऱ्याला याहून चांगली दीक्षा कोणती असू शकेल?

खरे बोलूनही विकते

यावर एक व्यवहारी आक्षेप हटकून घेतला जातो. ‘तत्त्व ठीक आहे, पण तिखटमीठ लावल्याशिवाय माल खपत नाही.’ या आक्षेपाला उपदेशाने उत्तर देण्यात अर्थ नाही. उदाहरणानेच दिले पाहिजे.

समजा, सेलू तालुक्यातील एखाद्या महिला बचत गटाला ज्वारीचे पीठ विकायचे आहे. प्रचलित वळणाचे पान असे असेल: ‘महाधमाका! आजींच्या काळातील चमत्कारी ज्वारी! मधुमेह मुळापासून नाहीसा! १०,००० कुटुंबांची पसंती! आजच घ्या, उद्या पश्चात्ताप कराल!’ या पाच वाक्यांत वस्तूविषयी एकही माहिती नाही. कोणती ज्वारी, कोठली, कधी दळलेली, किती दिवस टिकणारी, काहीच नाही. शिवाय मधुमेह बरा करण्याचा दावा खाद्यपदार्थाबाबत करताच येत नाही. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने तर औषधांच्या बाबतीतही असे दावे करायला मनाई केली आहे.

आता दुसरे पान पाहावे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेच्या साह्याने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण प्रसारित केला. लोह आणि जस्त यांचे प्रमाण वाढवलेला तो देशातील पहिला ज्वारीचा वाण. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे सुमारे ३० मिलिग्रॅम लोह असते, या वाणात सुमारे ४५. जस्त २० च्या जागी ३२. गटाने खरोखर हाच वाण पेरला असेल, तर मथळ्यासाठी आणखी काय हवे? ‘परभणी शक्ती ज्वारीचे पीठ. नेहमीच्या ज्वारीहून दीडपट लोह.’ दोन ओळींत वस्तू आली, वेगळेपण आले आणि पडताळता येईल असा पुरावाही आला. वाण साधी मालदांडी असेल तर मालदांडीच लिहावे; तिचीही चाहती घरे काही कमी नाहीत.

त्यापुढे घेणाऱ्या गृहिणीची शंका काय असेल? तिला भाकरी थापायची असते. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते, तव्यावर टाकताना तुटते, हे तिला माहीत असते. टपालाने आलेले पीठ कधीचे असेल, हीच तिची खरी भीती. बाजारू पान या शंकेला बगल देईल. प्रामाणिक पान तिलाच मध्यभागी ठेवील: ‘मागणी आल्यावरच दळण होते. दळल्याची तारीख पाकिटावर आहे. पीठ लवकर संपवावे, जुन्या पिठाची विरी जाते. म्हणून एका वेळी दोन किलोंपेक्षा जास्त मागवू नये.’ जास्त मागवू नये, असे सांगणारा विक्रेता पाहिला की गृहिणीच्या मनात काय उमटेल? ही बाई भाकरी करणारी आहे, हिला कळते, हा विश्वास. असा विश्वास कोणत्याही उलट्या धावणाऱ्या घड्याळाने निर्माण होत नाही. आपल्या वस्तूची मर्यादा स्वतःहून सांगणे हा विक्रीलेखनातील सर्वांत समर्थ पुरावा आहे, कारण तो देताना विक्रेता काहीतरी गमावण्याची तयारी दाखवतो.

त्याखाली टॅग यावा. निव्वळ वजन, सर्व करांसह आणि टपालखर्चासह एकच किंमत, अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक, गटाचे नाव, गाव, तालुका आणि जेथे माणूस उत्तर देईल असा दूरध्वनी. ‘सेंद्रिय’ म्हणायचे असेल तर प्रमाणपत्र दाखवावे. ते नसेल तर ‘शेणखतावर वाढवलेली’ एवढे खरे असल्यास तेवढेच लिहावे. माल पसंत न पडल्यास काय, हेही एका वाक्यात सांगून टाकावे.

या पानाने माल कमी खपेल, असे मानण्याचे कारण नाही. क्षणभर पहिल्या दिवशीच्या मागण्या कमी आल्या असे धरले, तरी हिशेब तेथे संपत नाही. ऑनलाइन व्यवहारात माल हाती आल्यावर पैसे देण्याची पद्धत आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आहे. भूलथापांनी घेतलेली मागणी पाकीट दाराशी येईपर्यंत थंड होते, गिऱ्हाईक पाकीट परत पाठवते आणि जाण्या-येण्याचा दोन्ही वेळचा खर्च पाठवणाऱ्याच्या अंगावर पडतो. लहान उद्योगाचा नफा अशा चार परतींत बुडतो. याउलट जे घर समजून-उमजून पीठ मागवते, ते पुढच्या महिन्यातही मागवते आणि शेजारणीलाही सांगते. पहिल्या विक्रीवर जाहिरातीचा खर्च निघतो. संसार चालतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या विक्रीवर.

मराठीचे काय?

आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. आज मराठी विक्रीपाने बहुधा इंग्रजीतून उतरवलेली असतात. त्यांतली वाक्ये मराठी लिपीत असतात, पण मराठीत नसतात. ‘तुमच्या स्वयंपाकघराला पुढच्या स्तरावर न्या’ असे कोणत्याही मराठी घरात कोणी म्हणत नाही. परभणीच्या बोलीत आणि घराघरांतील मराठीत वस्तूंच्या गुणांसाठी केवढा शब्दसाठा आहे! पिठाची विरी, गुळाची कणी, तूरडाळीचे शिजणे, हुरड्याचा कोवळेपणा, मिरचीचा रंग आणि तिखटपणा यांतला फरक. हे शब्द ज्या बाईच्या तोंडी आहेत, तिच्याजवळ बसून ऐकून घेतले तर अर्धे पान आपोआप लिहून होते. यंत्राकडून दोन मिनिटांत मजकूर मिळवण्याची सोय आता झाली आहे, परंतु त्या गटातील सखूबाईंनी पीठ कसे पारखले हे त्या यंत्राला कोणी सांगितलेले नसते. ते विचारून घेणे हेच लेखकाचे काम आहे.

कार्य घराघरांतून

हे काम कोणी करावे? शासनाच्या योजनांची वाट पाहण्याची गरज नाही. परभणी, पूर्णा, पालम, सोनपेठ, पाथरी अशा गावागावांत शिकलेली, भ्रमणध्वनी सहज हाताळणारी मुले-मुली घरोघर आहेत. प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने आपल्या गावातील एका बचत गटाचे किंवा एका शेतकरी गटाचे एक पान लिहून देण्याचे मनावर घ्यावे. विद्यापीठात जे वाण सिद्ध झाले, त्यांची खरी माहिती सोप्या मराठीत त्या पानांवर उतरवावी. सामाजिक कार्यकर्त्यांनी मासिक बैठकीत अर्धा तास काढून अशी पाने एकत्र वाचावीत आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावा: हे वाक्य गिऱ्हाइकाच्या दारात, त्याच्या तोंडावर बोलता येईल का? जे बोलता येणार नाही, ते खोडावे.

आणि घेणारा म्हणूनही हीच कुटुंबे जागी राहिली पाहिजेत. उलटे धावणारे घड्याळ दिसले तर पान मिटून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. घड्याळ खोटे असेल तर ते स्वतःच तसे सांगेल. फसवणूक झाली तर संकोच न करता १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. शे-दोनशे रुपयांसाठी कोठे जायचे, या आळसावरच लबाडांचे दुकान चालते. वडीलधाऱ्यांना गुडघेदुखीच्या तेलाची आणि मुलांना झटपट श्रीमंतीच्या शिकवणीची पाने दाखवणाऱ्यांचा तर घरात बसून मोठ्याने समाचार घ्यावा, म्हणजे लहानांनाही ती पाने वाचायची कशी ते कळेल.

परभणीचा माल आजवर मुका होता. आता त्याला वाचा फुटते आहे. ती वाचा कोणत्या शब्दांनी बोलू लागते, यावर पुढची अनेक वर्षे अवलंबून आहेत. खोट्या पानांच्या गर्दीत आणखी शंभर खोटी पाने परभणीहून निघाली, तर जगाला त्यांची दखल घेण्याचे कारण नाही. परंतु ‘परभणीहून आलेले पाकीट, म्हणजे पाकिटावर लिहिले तेच आत निघणार’ एवढा एक लौकिक दहा वर्षांत मिळवता आला, तर बोलणाऱ्याची बोरे विकतातच, आणि न बोलणाऱ्या शेजाऱ्याच्या ज्वारीलाही त्या नावावर भाव मिळतो.